ग्राउंडहॉगपासून भोपळ्याची वेल कशी वाचवावी: अमेरिकेत नव्याने बाग करणाऱ्यांसाठी

मे महिना लागला की न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, कनेक्टिकट, ओहायो या पट्ट्यातल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात वाफे तयार होऊ लागतात. मेथी, वालपापडी, मिरच्या आणि एका कोपऱ्यात लाल भोपळा. कुणाला तो घारग्यांसाठी हवा असतो, कुणाला भरतासाठी, आणि घरात शाळकरी मुलं असतील तर हॅलोविनला कोरायला तर हवाच. बी छान रुजतं, वेल हातपाय पसरू लागते आणि जूनमध्ये एके दिवशी बघावं तर शेंडे गायब, पानांचे नुसते देठ उभे. शेजारचे काका कुंपणावरून सांगतात, "ग्राउंडहॉगचं काम."

ग्राउंडहॉग म्हणा किंवा वुडचक म्हणा, बीळ करून राहणारा आणि पाला खाणारा प्राणी एकच. पूर्व अमेरिकेत आणि कॅनडाच्या मोठ्या भागात तो सगळीकडे आहे, त्यामुळे "आमच्या भागात नसेल" या भरवशावर राहू नका. हा लेख पहिल्यांदाच भोपळा लावणाऱ्यांसाठी आहे. यात मी कुंपणाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे, कारण खात्रीने सांगावा असा उपाय तेवढा एकच आहे. आणि कुंपणातही बहुतेक जण उंचीच्या मागे लागतात, ते चूक आहे. खरं काम करतो तो जाळीचा तळाचा भाग आणि माथ्यावरचा एक सैल फूट. हे दोन्ही नीट जमले आणि मेच्या मध्यापर्यंत उभे राहिले, तर भोपळा तुमचा.

आधी ओळखा, खाल्लं कुणी

जाळी आणायला धावण्याआधी दहा मिनिटं वाफ्यापाशी बसा आणि खाल्लेली जागा नीट बघा. चोर वेगळा तर बंदोबस्तही वेगळा.

कोवळं रोप जमिनीलगत तिरकं आणि स्वच्छ कापलेलं असेल तर तो ससा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते पाला ओढून तोडतं. तिथे देठाचं टोक फाटलेलं, चिंध्या झालेलं दिसतं, आणि आसपासच्या झाडांची पानंही कमरेच्या उंचीपर्यंत खाल्लेली असतात. पेरलेल्या जागी छोटा खड्डा आणि बियांची टरफलं पडलेली असली तर खार किंवा चिपमंक. फळाला खालच्या बाजूने, मातीला टेकलेल्या जागी पोखरलं असेल तर वोल, म्हणजे आखूड शेपटीचा रानउंदीर.

ग्राउंडहॉगचं खाणं मात्र डोळ्यांत भरतं. तो एका बैठकीत वेलीचा मोठा भाग साफ करतो, कोवळे शेंडे आधी, मग पानं. खाताना वेल तुडवली जाते. लहान फळ सापडलं तर त्यावर पुढच्या दातांचे रुंद चर उठतात. आणि हे सगळं तो रात्री नाही, उजेडात करतो, सकाळी लवकर आणि दुपार कलल्यावर. म्हणून दोन-तीन दिवस त्या वेळांना स्वयंपाकघराच्या खिडकीतून नजर ठेवली तरी तो दिसतो. वजन २ ते ६ किलो, अंगावर करडे-तपकिरी केस, पाय आखूड, चाल फेंगडी. खारीच्याच कुळातला, पण खारीचे पुढचे दात पिवळट-नारिंगी असतात आणि याचे पांढरे. त्या फेंगड्या चालीवर जाऊ नका. तो झाडावर चढतो, कुंपणावर चढतो आणि वेळ पडली तर पोहतोसुद्धा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पानं शाबूत आहेत, पण अख्खी वेल मान टाकते आहे आणि बुंध्याशी लाकडाच्या भुशासारखा ओलसर चोथा दिसतो आहे, तर कुठल्याच प्राण्याला दोष देऊ नका. ती स्क्वॅश वाइन बोरर नावाची खोडात शिरणारी अळी आहे आणि कुंपणाचा तिच्यावर काही परिणाम नाही.

बीळ शोधा

ग्राउंडहॉग बिळापासून फार लांब चरायला जात नाही. बहुतेक वेळा बीळ तुमच्या वाफ्यापासून ५० ते १५० फुटांच्या आत सापडतं: शेडखाली, डेकखाली, लाकडाच्या ढिगामागे, दगडी बांधाच्या कडेला, नाहीतर मागच्या झाडीच्या काठावर. मुख्य तोंड १० ते १२ इंच रुंद असतं आणि त्याच्या समोर उकरलेल्या मातीचा मोठा ढीग असतो. हे पटकन दिसतं. दुसरं तोंड शोधायला मात्र नजर लागते. ते आतून बाहेर खणलेलं असतं, त्यामुळे बाहेर मातीचा कणही नसतो. उंच गवतात सरळ खाली गेलेलं एक गोल भोक, बस. पळून जायची वाट आहे ती. मुलं अंगणात खेळत असतील तर हे भोक आवर्जून शोधा, कारण पाय गेला की घोटा मुरगळलाच.

बीळ वापरात आहे का हे बघायची साधी रीत आहे. तोंडात वाळलं गवत किंवा वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा. दोन-तीन दिवसांत ते बाहेर फेकलेले दिसले तर आत कुणीतरी राहतं. पण हे "कुणीतरी" ग्राउंडहॉगच असेल असं नाही. सोडलेल्या बिळांत स्कंक (घाण वासाचा फवारा मारणारा प्राणी), कोल्हे, ससे, ऑपोसम राहायला येतात. तोंड घालून बघायला जाऊ नका.

त्याचं वर्ष आणि तुमचं वर्ष

ऑक्टोबरच्या शेवटाला तो बिळात जातो आणि थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये बाहेर येतो. ही खरीखुरी शीतनिद्रा असते. जागेपणी मिनिटाला ८० च्या आसपास पडणारे हृदयाचे ठोके चार-पाचवर येतात. पेनसिल्व्हेनियात पंक्सटॉनी गावी १८८७ पासून दर २ फेब्रुवारीला ज्याची सावली बघून थंडीचा अंदाज सांगतात, तो हाच प्राणी. मार्च-एप्रिलमध्ये त्यांची जोडी जमते, महिनाभराने पिल्लं होतात, साधारण चार. जून-जुलैत ही पिल्लं आईला सोडून स्वतःची जागा शोधायला निघतात.

आता भोपळ्याचं वेळापत्रक याच्याशेजारी ठेवून बघा. भोपळ्याला ऊबदार माती लागते, निदान ६५ अंश फॅरनहाइट, म्हणजे १८ सेल्सिअस. म्हणून इकडे पेरणी मेच्या शेवटापासून जूनच्या मध्यापर्यंत होते. पीक यायला जातीप्रमाणे ९० ते १२० दिवस लागतात, तरच ऑक्टोबरात फळ हाती येतं. म्हणजे वेल सगळ्यात कोवळी असते तेव्हाच नवी भुकेली पिल्लं जागा शोधत फिरत असतात. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वेलीवर फळं असतात आणि ग्राउंडहॉग हिवाळ्यासाठी चरबी साठवत दिवसभर खात असतो. मोठा ग्राउंडहॉग दिवसाला अर्धा किलोच्या आसपास पाला सहज संपवतो. एका कुटुंबाला तुमची वेल किती दिवस पुरेल हे तुम्हीच ठरवा.

यातून निघणारी गोष्ट एकच: कुंपण पेरणीच्या आधी. चव लागलेल्या प्राण्याला अडवणं फार कठीण जातं. काय आहे हे माहीत झालं की तो रोज येऊन जाळीची प्रत्येक कड तपासतो.

जागा निवडणं

भोपळ्याला पूर्ण ऊन हवं आणि पसरायला जागा हवी. मोठ्या जातीच्या एका वेलीला ५० ते १०० चौरस फूट लागतात. अंगण लहान असेल तर हट्ट करू नका, आटोपशीर वाढणारी किंवा लहान फळांची जात घ्या. खाण्यासाठी शुगर पाय किंवा लाँग आयलंड चीज या जाती चांगल्या. कोरायला वापरतात त्या मोठ्या जातींचा गर बेचव आणि तंतुमय असतो, त्यांचे घारगे काही जमत नाहीत.

झाडी, लाकडाचे ढीग आणि उंच गवत यांपासून वाफा जितका लांब, तितकं बरं. ग्राउंडहॉगला उघड्यावर चालायला आवडत नाही. वाफ्याभोवतीचं गवत आखूड ठेवा, पडकं लाकूड, पालापाचोळ्याचे ढीग हलवा. यामुळे तो यायचा थांबत नाही, पण बिचकतो, आणि तुम्हालाही तो लांबून दिसतो. उंच गवतात काम केल्यावर अंगावर गोचीड नाही ना हे रोज संध्याकाळी बघा. लाइम रोग इकडे गोचिडांमुळेच पसरतो.

आपल्या लोकांसाठी एक खास सूचना. आपण भोपळ्याशेजारी हमखास वाल, घेवडा, मेथी लावतो. शेंगवर्गीय पाला म्हणजे या प्राण्याची मेजवानी. क्लोव्हर (हिरवळीत उगवणारं तीन पानांचं गवत) आणि शेंगांच्या रोपांसाठी तो भोपळ्यालाही बाजूला ठेवतो. मूळ अमेरिकी लोक, विशेषतः ईशान्येकडचे हौडेनोशोनी, मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत आले आहेत, आणि जमिनीच्या दृष्टीने ती सांगड उत्तमच. तुम्हीही खुशाल लावा, पण मग सगळं एकाच कुंपणाच्या आत. बाहेर वाल आणि आत भोपळा असं केलंत तर पाहुण्याला दारापर्यंत तुम्हीच आणून सोडलंत.

सामान

उदाहरण म्हणून १० फूट बाय १० फुटांचा वाफा धरू. घेर ४० फूट, त्यामुळे ५० फुटांचा एक रोल पुरतो.

जाळी गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश घ्या, भोकं एक इंचाची. दोन बाय चार इंच भोकांची जाळी स्वस्त पडते आणि मोठ्या ग्राउंडहॉगला अडवते, पण जूनमधलं पिल्लू आणि ससा तिच्यातून आरामात आत शिरतात. षटकोनी भोकांची चिकन वायर चालते, पण ती पातळ असते. वरच्या भागाला ठीक, जमिनीलगत मी ती वापरणार नाही. मातीत जाणारी जाळी पीव्हीसीचा लेप असलेली मिळाली तर जास्त टिकते, साधी जाळी मातीत काही वर्षांत गंजते.

रुंदी कुठली घ्यायची ते तुम्ही खणणार आहात की नाही यावर ठरतं. चर खणणार असाल तर ६ फुटी रोल: एक फूट बाहेर वळवायला, एक फूट जमिनीत खोल, तीन फूट वर आणि एक फूट सैल माथा. खणायचं नसेल तर ५ फुटी रोल पुरतो. अखंड जाळी मिळाली नाही तर दोन पट्टे चार-पाच इंच एकावर एक चढवून तारेने घट्ट बांधा. नुसते टेकवून ठेवलेले सांधे तो नाकाने उचकटतो.

खांब ५ फुटी घ्या, दोन फूट जमिनीत जातील आणि तीन फूट वर राहतील. कोपऱ्यांचे चार, प्रत्येक बाजूच्या मध्यावर एक, आणि फाटकासाठी एक-दोन जास्तीचे. टी-पोस्ट, म्हणजे टी आकाराचे लोखंडी खांब, सगळ्यात सोयीचे. शिवाय तार, पक्कड, पत्रा कापायची कात्री, जाड हातमोजे आणि जमिनीत ठोकायच्या यू आकाराच्या पिना.

तळ

खणायच्या आधी ८११ ला फोन करा. अमेरिकेत कुठूनही लागतो, पैसे पडत नाहीत. ते गॅस, वीज, केबल यांच्या कंपन्यांना कळवतात आणि माणसं येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांवर रंगाने खुणा करून जातात. काही दिवस आधी फोन करावा लागतो. दोन फूट आत खांब ठोकताना गॅसची नळी लागणं ही चेष्टा नाही. सोसायटीचे, म्हणजे एचओएचे, कुंपणाबाबत नियम असतील तर तेही याच वेळी वाचा.

चराची पद्धत अशी. वाफ्याभोवती एक फूट खोल चर खणा. जाळी त्यात सोडा आणि तळाशी एक फूटभर पट्टी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा. बाहेरच्या, आतल्या नव्हे. मग माती लोटून पायाने दाबा.

बिनखणण्याची पद्धत नवख्यांना जास्त सोपी जाते, आणि दगडाळ जमिनीत तीच बरी. जाळीचा खालचा एक फूट बाहेरच्या बाजूला वळवून जमिनीवर सपाट अंथरायचा. गवत आधी अगदी आखूड कापून घ्या, म्हणजे जाळी जमिनीला चिकटून बसते. दर फुटावर पिना ठोका. कोपऱ्यांवर जाळीला चीर द्यावी लागते, तिथे त्रिकोणी फट पडते. त्या फटीवर जाळीचा वेगळा तुकडा बांधा, विसरू नका. वरून दगड किंवा लाकडी चुरा पसरा. एका मोसमात गवत तिच्यातून वर येतं आणि जाळी जमिनीत घट्ट बसते.

हे का चालतं ते समजून घ्या, म्हणजे कुठे तडजोड करायची आणि कुठे नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल. ग्राउंडहॉग कुंपणाच्या अगदी पायाशी येऊन उकरायला लागतो. चार बोटं माती निघते आणि नखांना जाळी लागते. तो थोडा डावीकडे सरकतो, थोडा उजवीकडे सरकतो, पुन्हा उकरतो, पुन्हा जाळी. एक फूट मागे जाऊन तिथून खणायला सुरुवात करावी हे त्याच्या सहसा लक्षात येत नाही. म्हणून ती आडवी पट्टी बाहेरच हवी. आत वळवली तर तिचा काडीचा उपयोग नाही.

माथा

जाळी खांबांच्या बाहेरच्या अंगाला बांधा. प्राणी बाहेरून ढकलतो तेव्हा ती खांबांवर दाबली जाते. आत बांधली असेल तर त्याच्या धक्क्याने बांधलेल्या तारा सुटत जातात.

तीन फुटांपर्यंत जाळी खांबांना बांधायची आणि वरचा एक फूट मोकळा सोडायचा. हा सैल भाग हाताने बाहेरच्या बाजूला किंचित झुकवा. ग्राउंडहॉग जाळीवर चढतो, पंजे भोकांत अडकवत तीन फूट येतो, आणि मग वरची सैल जाळी त्याच्या वजनाने बाहेर वाकते. पकड सुटते, तो मागे पडतो. ताणून बांधलेली चार-पाच फुटी जाळी याउलट त्याला शिडी होते. नवखी माणसं इथेच जास्तीत जास्त मेहनत घेऊन नेमकं उलटं करतात: खांब उंच घेतात, जाळी खेचून खेचून वरपर्यंत बांधतात, दिसायला कुंपण सुरेख होतं आणि तिसऱ्या दिवशी प्राणी आत. कोपऱ्यांवर विशेष लक्ष द्या, दोन बाजूंचा आधार मिळत असल्याने तो तिथूनच चढायला बघतो. तिथेही वरचा फूट सैलच हवा.

आता कुंपणाशेजारी काय आहे ते बघा. खताचा डबा, बाक, रचलेली लाकडं, मोठी कुंडी, यांतलं काही जाळीजवळ असेल तर हलवा. लहान फळांची वेल मांडवावर चढवणार असाल तर मांडव जाळीपासून निदान तीन फूट आत. आणि जाळीतून बाहेर डोकावणारे शेंडे रोज आत वळवत राहा. बाहेर आलेला शेंडा तो खातोच, वर त्या जागी रोज यायची सवय लावून घेतो.

फाटक

इतकं सगळं करून लोक फाटकाखाली तीन इंचांची फट ठेवतात. फाटकाखाली सिमेंटच्या फरशा बसवा, किंवा आडवी जाळी तशीच पुढे नेऊन वर फरशा ठेवा. फाटक बंद केल्यावर खाली आणि बाजूला एक इंचापेक्षा जास्त फट नको. आठ-दहा वर्षांची मुलं पाणी घालायला जात असतील तर आपोआप बंद होणारी स्प्रिंगची बिजागरी लावा.

दर वर्षी त्रास होत असेल तर विजेची एक तार जोडता येते. जमिनीपासून ४-५ इंच उंच आणि कुंपणाच्या तितकीच बाहेर. त्यासाठी कुंपणाचा म्हणून विकला जाणारा चार्जरच वापरा, घरची वीज थेट जोडणं जीवघेणं आहे. गवत तारेला लागलं की जोर उतरतो, त्यामुळे खालचं गवत सतत कापावं लागतं. लहान मुलं असलेल्या घरात मी हा पर्याय सुचवणार नाही.

बी ते फूल

कुंपणाच्या आतही चिपमंक, खारी आणि कावळे येतातच. पेरलेल्या आळ्यावर अर्ध्या इंचाच्या हार्डवेअर क्लॉथची (नाव कापडाचं असलं तरी ही बारीक भोकांची तारेची जाळी) टोपली करून पालथी घाला आणि कडा मातीत दाबा. खऱ्या पानांची दुसरी जोडी फुटली की काढा.

त्यानंतर वेलीवर पांढरं झिरझिरीत कापड, रो कव्हर म्हणतात ते, घातलं तर ससे आणि काकडीवरचे भुंगेरे दोन्ही लांब राहतात. मात्र मादी फुलं दिसायला लागली की कापड काढलंच पाहिजे. भोपळ्याला नर आणि मादी फुलं वेगळी येतात, नर आधी. मादी फुलाच्या मागे इवलासा भोपळा असतो, त्यावरून ओळखायची. फुलं पहाटे उमलतात आणि दुपारपर्यंत मिटतात, तेवढ्या वेळात मधमाश्यांनी येऊन जायला हवं. जादा नर फुलांची भजी करायला हरकत नाही, थोडी माश्यांसाठी ठेवा म्हणजे झालं.

हरणांचं काय

हरणाला तीन फुटी कुंपण म्हणजे काहीच नाही, त्याला सात-आठ फूट लागतात. मोठ्या, खरखरीत झालेल्या भोपळ्याच्या पानांकडे ते सहसा वळत नाही, पण कोवळे शेंडे आणि फळं खातं. तुमच्याकडे हरणं रोज येत असतील तर ग्राउंडहॉगच्या कुंपणाचा माथा उंच करू नका, सैलपणा गेला की ते कुंपण वाया गेलं. त्याऐवजी बाहेर तीन-चार फुटांवर वेगळे उंच खांब लावून प्लास्टिकची हरणजाळी लावा. हरीण उंच उडी मारतं किंवा लांब मारतं, दोन कुंपणांमधल्या अरुंद पट्टीत उतरायला ते कचरतं.

फवारे, तिखट आणि डांबरगोळ्या

अंड्याच्या कुजक्या वासाचे आणि मिरचीच्या अर्काचे फवारे बाजारात मिळतात. पाऊस पडला की पुन्हा मारावे लागतात, नवी पालवी आली की पुन्हा. कुंपण घालेपर्यंत चार दिवस निभावायला ठीक. घरातलं लाल तिखट उधळण्याचा सल्ला आपल्यात सर्रास दिला जातो. ते एका सरीत वाहून जातं आणि वाऱ्याने आपल्याच डोळ्यांत येतं.

हालचाल टिपून पाणी उडवणारे स्प्रिंकलर काही दिवस चांगलं काम करतात, जागा बदलत राहिलात तर आणखी थोडे दिवस. प्लास्टिकचं घुबड आणि चमकणाऱ्या सीड्या यांच्यावर पैसे घालू नका.

डांबरगोळ्या मात्र बागेत टाकूच नका, हे मी कळकळीने सांगतो. आपल्या घरांत त्या कपाटात असतातच, म्हणून हात पटकन तिकडे जातो. त्या बंद डब्यातल्या कपड्यांसाठीचं कीटकनाशक आहेत. वेष्टनावर लिहिलेल्या कामाखेरीज दुसरीकडे वापरणं अमेरिकेत कायद्याने गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लहान मूल त्यांना पेपरमिंट समजून तोंडात घालू शकतं. उंदराचं विषही नको. ते ग्राउंडहॉगसाठी नाहीच, आणि शेजाऱ्याचा कुत्रा, कोल्हा, ससाणा यांच्या पोटात जायला वेळ लागत नाही.

पिंजऱ्याचा विचार करत असाल तर

सफरचंद किंवा खरबुजाची फोड ठेवून पिंजऱ्यात तो सापडतो, नाही असं नाही. पण नंतर काय? पकडलेला प्राणी गाडीत घालून लांबच्या पार्कात सोडणं अनेक राज्यांत बेकायदा आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये तर आपल्या जागेबाहेर नेऊन सोडायला सरळ बंदी आहे. एप्रिल-मेमध्ये आई पकडली तर पिल्लं बिळात उपाशी मरतात. पिंजऱ्यात ग्राउंडहॉगऐवजी स्कंक सापडला तर तो सोडवणार कोण, हाही प्रश्न आहे. आणि एक प्राणी गेला की रिकामं बीळ दुसऱ्याला मिळतं. तरीही करायचं असेल तर आधी राज्याच्या वन्यजीव खात्याला विचारा, किंवा परवानाधारक माणसाला बोलवा. न्यू जर्सीत असाल तर रटगर्स विद्यापीठाच्या एक्स्टेंशन (शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या) कार्यालयात बागेबद्दलचे प्रश्न विचारता येतात, प्रत्येक काउंटीत त्यांची माणसं आहेत.

प्राण्याला हात लावू नका. भारतात रेबीज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुत्रा येतो. इकडे तो रॅकून, स्कंक, कोल्हा, वटवाघूळ यांच्यात असतो, आणि कृंतक, म्हणजे उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या, प्राण्यांपैकी सर्वाधिक वेळा ग्राउंडहॉगमध्ये आढळतो. झोकांड्या खाणारा, अंगावर येणारा किंवा माणसाला अजिबात न बिचकणारा दिसला तर मुलांना घरात घ्या आणि गावाच्या ॲनिमल कंट्रोलला फोन करा. चावलाच तर जखम साबणपाण्याने भरपूर धुऊन लगेच डॉक्टर गाठा.

बीळ बुजवायचं असेल तर योग्य काळ जुलैच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरपर्यंत. तेव्हा पिल्लं निघून गेलेली असतात आणि शीतनिद्रा सुरू झालेली नसते. आधी वर सांगितलेली गवताची परीक्षा करा, बीळ रिकामं असल्याची खात्री झाली की दोन्ही तोंडं भरा आणि वर तीन फूट चौरस जाळी पुरा. डेकखालच्या बिळाला कुंपणासारखीच, बाहेर वळवलेली जाळी कडेने लावा.

फळ लागल्यावर

फळ मुठीएवढं झालं की त्याखाली लाकडाची फळी किंवा फरशी सरकवा. वोलला खालून पोखरता येत नाही आणि ओल्या मातीने सडायचंही वाचतं. खारी बियांसाठी फळ वरून कुरतडतात, त्यांच्यासाठी अर्ध्या इंचाच्या जाळीचा पिंजरा फळावर ठेवा, आकार वाढायला जागा सोडून.

नख रुतेनासं झालं आणि देठ वाळून कडक झाला की भोपळा तयार. दव गोठवणारी कडाक्याची थंडी पडायच्या आत, तीन-चार इंच देठ ठेवून कापा. देठ धरून उचलू नका, तो तुटला की तिथून सड सुरू होते. ८० ते ८५ फॅरनहाइटच्या उबदार, कोरड्या जागी आठ-दहा दिवस ठेवलं की साल घट्ट होते, मग थंड तळघरात महिनोन्‌महिने टिकतो. कोरलेले भोपळे हॅलोविनच्या आठवडाभर आधी दाराबाहेर ठेवू नका, खारी नाक-डोळे मोठे करून ठेवतात.

काढणी झाली की उरलेली वेल उपटून खतात टाका. कुंपण काढायची गरज नाही, पण बर्फ पडण्याआधी माथ्यावर साचलेला पाला झाडा, नाहीतर ओल्या पाल्याने आणि बर्फाने जाळी वाकून बसते. मग फेब्रुवारीच्या शेवटी, बर्फ असतानाच, एकदा अंगणाची फेरी मारा. पांढऱ्या बर्फावर ताजी तपकिरी माती उधळलेली दिसली तर त्या जागी बीळ आहे आणि तो जागा झालेला आहे. जमीन मऊ झाली की कुंपणाच्या कडेने चालत आडव्या जाळीच्या पिना पायाने दाबून बघा, गंजलेला तुकडा दिसला तर त्यावर नवा बांधा, आणि बियांची पाकिटं मागवा.